फोटोत लाइन येतेय, कलर तुटतोय? हेड क्लीनिंग मारायच्या आधी हे बघा

इंकजेट फोटो प्रिंटरवर फोटोत लाइन आली, चेहरा हिरवट आला किंवा एखादा कलर मधेच गायब झाला की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर हेड क्लीनिंग मारतात, नाही आलं की परत मारतात, परत नाही आलं की परत, आणि तासाभराने बघावं तर टाकीतली शाई खाली गेलेली, वेस्ट पॅड (वाया गेलेली शाई शोषणारी गादी) भरत आलेलं आणि आधी एकच कलर तुटत होता तिथे आता तीन तुटतायत. क्लीनिंग वाईट नाहीये हो, पण क्लीनिंग म्हणजे पंपाने हेडमधून, म्हणजे कागदावर थेंब उडवणाऱ्या भागातून, शाई खाली ओढायची, बस्स एवढंच. वरून शाईच नीट येत नसेल तर तुम्ही कितीही ओढा, हवाच येणार, आणि ती हवा चांगल्या चालणाऱ्या नोझलमध्ये (हेडच्या बारीक भोकांत) पण जाऊन बसणार. म्हणून आधी बिघाड हेडच्या वरच्या बाजूला आहे, हेडमध्ये आहे की खालच्या बाजूला ते ओळखायचं, बटण नंतर.

मी इथे मुख्यतः एपसनच्या सहा कलरवाल्या फोटो प्रिंटरबद्दल लिहितोय, म्हणजे एल८०५, एल१८०० वगैरे, कारण पासपोर्ट फोटो, शाळेची आयकार्डं, पीव्हीसी कार्डं ही कामं बहुतेक छोट्या स्टुडिओत आणि झेरॉक्सच्या दुकानात यांच्यावरच चालतात, आणि काहींनी टी६०, आर२३० अजून जपून ठेवलेत ज्यांना बाहेरून टाकी आणि नळ्यांचं किट लावलेलं असतं. कंपनीने टाकीसकट प्रिंटर विकायला २०१० मध्ये इंडोनेशियातून सुरुवात केली, त्याच्या आधी टाकीचा सगळा कारभार बाहेरच्या किटवरच होता. पण तत्त्व दोन्हीत एकच आहे: टाकी, त्यातून सहा नळ्या, नळ्यांच्या टोकाला डॅम्पर म्हणजे हेडवर बसणारी शाईची छोटी डबी (किट असेल तर कार्ट्रिज), त्याखाली हेड, हेड पार्क होतं तिथे खाली रबरी कॅप, कॅपखाली पंप आणि पंपाची नळी शेवटी वेस्ट पॅडमध्ये. हा रस्ता डोक्यात पक्का असला की अर्धं काम झालंच.

हे चालतं कसं ते दोन मिनिटं

एल८०५ च्या हेडमध्ये प्रत्येक कलरला ९० नोझल असतात, सहा कलरची मिळून ५४०, आणि सगळ्यात बारीक थेंब दीड पिकोलिटरचा. म्हणजे एका मिलिलिटर शाईत असे साधारण ६७ कोटी थेंब होतात, त्यावरून नोझलचं भोक केवढं असेल ते समजा. हेडमध्ये पायझो असतो, त्याला करंट मिळाला की तो किंचित वाकतो आणि शाईला ढकलतो. आता त्या जागेत शाईऐवजी हवेचा बुडबुडा असेल तर पायझो ढकलतो खरा पण हवा दबते, थेंब काही बाहेर पडत नाही. हेड चांगलं आहे, नोझल साफ आहे, तरी प्रिंट नाही, ती यामुळे. कॅनन आणि एचपीच्या प्रिंटरात हेड थर्मल असतं, ते शाई तापवून थेंब उडवतं, आणि तिथे कोरडं चालवलं तर नोझलचा हीटरच जळतो. त्यामुळे कॅननच्या जी सिरीजवर वगैरे एखादा कलर येत नसेल तर तसंच दामटून शंभर प्रिंट मारत बसू नका, पहिले थांबा.

दुसरी गोष्ट उंची. सलाईनची बाटली वर टांगली की जोरात चालते आणि खाली धरली की रक्त उलटं नळीत येतं, अगदी तसंच इथे. टाकीतल्या शाईची पातळी हेडच्या तळापेक्षा थोडी खाली पाहिजे, म्हणजे नोझलच्या तोंडाशी शाई किंचित आत ओढलेली राहते आणि आपोआप टपकत नाही. बाहेरच्या किटची टाकी प्रिंटर ज्या टेबलावर आहे त्याच टेबलावर ठेवायची, विषय संपला. जागा नाही म्हणून टाकी प्रिंटरच्या डोक्यावर ठेवलेली मी बघितलीय, रात्रभरात शाई सायफन होऊन कॅपमधून खाली, सकाळी टेबलावर गुलाबी तळं. आणि उलटं, टाकी खालच्या फळीवर ठेवली तर शाई वर चढायला कुरकुर करते, नोझल चेक (प्रत्येक कलरच्या रेघा छापणारा टेस्ट कागद) बरा येतो पण मोठा फोटो मारला की अर्ध्यात कलर फिका.

नोझल चेक दोनदा काढा, मधे काही न करता

हीच खरी चाचणी आहे आणि कोणी नीट करत नाही. एक नोझल चेक काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, दुसरा काढा, मधे क्लीनिंग नको, प्रिंट पण नको. दोन्ही कागद शेजारी ठेवून तुटलेल्या जागा जुळवून बघा.

दोन्हीवर तुटलेल्या रेघा अगदी त्याच जागी असतील तर नोझलमध्ये शाई वाळून बसलीय, म्हणजे खरोखरचं जाम. तुटलेल्या जागा बदलत असतील, पहिल्या कागदावर वर आणि दुसऱ्यावर खाली, तर ती हवा आहे, क्लीनिंगने थोडा वेळ बरं वाटेल आणि परत तेच होईल, कारण हवा कुठूनतरी आत येतेय. नोझल चेक फुल्ल येतो पण ए४ फोटो निम्म्यावर गेला की एखादा कलर उडतो, तर शाई पुरत नाहीये, वरच्या बाजूचा प्रॉब्लेम. सहाच्या सहा कलर एकदम गेले तर सहसा हेड गेलेलं नसतं, कॅप किंवा पंप बघा. आणि रोज सकाळी पहिला प्रिंट तुटका, एक क्लीनिंग मारलं की दिवसभर मस्त, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तुटका, असं चाललं असेल तर रात्री शाई नळीतून मागे टाकीकडे उतरतेय, म्हणजे वरती कुठेतरी सील लूज आहे. यातला शेवटचा प्रकार ओळखला नाही तर महिनोन्महिने रोज सकाळी क्लीनिंग मारून लोक पॅड भरत राहतात.

पिवळा कलर नोझल चेकवर दिसतच नाही ही कायमची तक्रार, त्याला सोपी युक्ती आहे. मोबाईलवर पूर्ण निळा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल्ल करा, खोलीतला लाइट बंद करा आणि त्या निळ्या उजेडात कागद धरा, पिवळ्या रेघा काळपट दिसायला लागतात आणि कुठे तुटलंय ते लगेच कळतं. लाइट सायन (फिका आकाशी) आणि लाइट मॅजेंटा (फिका गुलाबी) पण असेच नजरेतून सुटतात, आणि फोटोत सगळ्यात जास्त गडबड तेच करतात कारण माणसाच्या चेहऱ्याचा रंग बराचसा लाइट मॅजेंटावर उभा असतो. पासपोर्ट फोटोत चेहरा हिरवट, आजारी दिसतोय तर फोटोशॉपमध्ये कलर बॅलन्स ओढत बसू नका, आधी नोझल चेकमध्ये लाइट मॅजेंटा बघा.

हवा येतेय किंवा शाई पुरत नाहीये

पहिली संशयित टाकीवरची हवेची वाट. टाकीतून शाई जाते तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीत व्हॅक्यूम होतं आणि शाई थांबते. किटच्या टाकीला प्रत्येक कलरला दोन भोकं असतात, एक मोठं भरायचं आणि एक बारीक हवेचं ज्यावर छोटा फिल्टर बसवलेला असतो. प्रिंट करताना हवेचं उघडं आणि भरायचं बंद, आणि शाई भरताना बरोबर उलटं, हवेच्या भोकाला बूच लावायचं, मग मोठं उघडून भरायचं, मोठं बंद करायचं आणि शेवटी हवेचं बूच काढून फिल्टर लावायचा. दोन्ही एकदम उघडी ठेवून भरलं तर शाई हवेच्या छोट्या कप्प्यात चढते, फिल्टर भिजतो, आणि भिजलेला फिल्टर म्हणजे बंद फिल्टर. तपासायला सोपं आहे, जो कलर उडतोय त्याचा फिल्टर काढून ठेवा आणि एक मोठा प्रिंट मारा, कलर टिकला तर चोर सापडला, नवीन फिल्टर लावा, धुऊन वाळवलेल्यावर फार भरवसा नको.

एल सिरीजमध्ये हे कंपनीनेच आत करून दिलंय, पण प्रिंटर उचलून आडवातिडवा नेला असेल तर तिथेही हवेच्या वाटेत शाई जाते. शिवाय एल८०५ आणि एल१८०० ला टाकीपाशी ट्रान्सपोर्टचा लॉक असतो, तो फिरवला की नळ्या दाबून बंद होतात. दुकान शिफ्ट केलं, प्रिंटर नवीन जागी चालू केला आणि सगळे कलर पाच-सहा प्रिंटनंतर एकेक करून उडायला लागले तर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी तो लॉक प्रिंटच्या खुणेवर आहे का ते बघा. हसू नका, मेकॅनिकला बोलावून व्हिजिटचे पैसे दिल्यावर कळतं की नुसता लॉक फिरवायचा होता.

मग नळ्या. झाकण उघडून हेड हाताने डावीकडून उजवीकडे पूर्ण सरकवा (कसं सोडवायचं ते खाली सांगतो) आणि सहा नळ्यांचा पट्टा कुठे ताणतोय, कुठे झाकणाखाली दबतोय, कुठे मोडून घडी पडलीय ते बघा. किट स्वतः लावलं असेल तर नळी फार आखूड ठेवली की हेड डाव्या टोकाला ओढलं जातं आणि एरर येतो, फार सैल ठेवली की ती झाकणात अडकते. झाकण उघडं ठेवून चांगलं चालतं आणि बंद केलं की कलर उडतो अशी तक्रार असेल तर नळी झाकणाखाली चेंबतेय, दुसरं काही नाही.

नळीत बुडबुडे बारीक बारीक एक-दोन असतील तर फार घाबरायचं कारण नाही, पण नळीत दोन-तीन इंच रिकामी जागा दिसतेय आणि ती डॅम्परच्या बाजूने वाढतेय तर डॅम्परचं किंवा किटच्या एल्बोचं (नळीच्या वाकड्या जोडाचं) सील गेलंय. तिथे हेड थोडं बाहेर घेऊन डॅम्परचा जोड हाताने दाबून बघा, ओ-रिंग कडक झाली असेल तर डॅम्पर बदला. डॅम्परच्या आत बारीक जाळी असते, स्वस्त शाईचा गाळ तिथेच बसतो, जुना डॅम्पर धुऊन परत लावणारे आहेत पण मी म्हणतो बदलाच, हेडच्या मानाने डॅम्पर काहीच नाही.

डॅम्परमधली हवा काढायला मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या, टोकाला मऊ नळीचा तुकडा लावा. डॅम्पर हेडवरून उचलून त्याच्या खालच्या भोकाला ती नळी नीट बसवायची आणि हळूहळू ओढायचं, अगदी हळू, आधी फेस येईल मग बुडबुडे आणि मग सलग शाई, सलग शाई दोनेक मिली आली की थांबायचं. झटक्यात ओढलं तर डॅम्परचं प्लास्टिकचं पातळ पापुद्र्यासारखं पान आत ओढलं जाऊन फाटतं. ओढताना त्या टाकीची हवेची वाट उघडी पाहिजे आणि एल सिरीजचा लॉक पण. काढलेली शाई परत टाकीत ओतायची नाही, दोन रुपयांसाठी हेड पणाला लावू नका.

आणि हो, टाकीतली खालची खूण. शाई त्या खुणेखाली गेली की नळीत हवा शिरते, एकदा शिरली की पूर्ण नळी भरून काढायला भरपूर शाई वाया जाते. लग्नसराईत घाईत हे विसरतं, म्हणून टाकी निम्मी झाली की भरायची सवय लावा.

एल सिरीजमध्ये ड्रायव्हरच्या मेंटेनन्समध्ये पॉवर इंक फ्लशिंग म्हणून एक पर्याय असतो, तो नळ्यांमधली सगळीच शाई बदलतो. शेवटचा उपाय म्हणून ठीक आहे, पण त्याआधी सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या पाहिजेत नाहीतर तो नळ्यांत हवाच भरून ठेवतो, आणि पॅड एका झटक्यात बरंच भरतं हे लक्षात ठेवा.

खरंच जाम असेल तर

तुटलेल्या जागा हलत नाहीयेत, एकच जागा, ठरलेली. इथे क्लीनिंगचा उपयोग आहे पण दोन-तीनदाच, त्यापुढे नाही. मग प्रिंटर बंद करून रात्रभर सोडा. कंपनीच्या मॅन्युअलमध्येही हेच लिहिलंय की काही वेळा करून सुधारलं नाही तर काही तास बंद ठेवून मग परत बघा, आणि हे टाळाटाळ म्हणून नाही, त्या वेळात ताजी शाई वाळलेल्या शाईला मऊ करते आणि बारीक बुडबुडे वर निघून जातात.

दरवेळी क्लीनिंग मारण्यापेक्षा कलर पेज मारणं चांगलं. पेंट किंवा फोटोशॉपमध्ये ए४ पान त्या एकाच कलरने भरा, लाइट मॅजेंटासाठी फिका गुलाबी, लाइट सायनसाठी फिका आकाशी, पेपर टाइप मॅट ठेवा म्हणजे लाइट कलर वापरले जातात, आणि साध्या कागदावर दोन-तीन पानं मारा. शाई फक्त ज्या कलरची गरज आहे त्याचीच जाते, आणि ती कागदावर जाते, पॅडमध्ये नाही. क्लीनिंगमध्ये सहाही कलर ओढले जातात.

यानेही नाही आलं तर भिजवायचं. प्रिंटर चालू करा, हेड उजवीकडची जागा सोडून हललं की त्याच क्षणी मागचा प्लग काढा, आता हेड हाताने सरकतं. उजवीकडे खाली कॅप दिसेल, आत स्पंज, कडेला रबराची किनार. सिरिंजने कॅपमध्ये डिस्टिल्ड वॉटर किंवा हेड क्लीनिंगचं लिक्विड किनारीपर्यंत भरा, बॅटरीत घालायचं पाणी मिळतं तेही चालतं पण शुद्ध बघून घ्या, नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्येच बसतील. हेड हळूच परत कॅपवर सरकवा आणि तसंच रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग लावा, एक क्लीनिंग, मग नोझल चेक. बऱ्याचदा एवढ्याने मोकळं होतं, आणि हे करताना काही तुटायची भीती सगळ्यात कमी.

त्यापुढे मग सिरिंजने हेडमधून लिक्विड घालणं. डॅम्पर काढा, हेडच्या वरच्या खुंटीवर मऊ नळी बसवा, खाली टिश्यूची घडी ठेवा, आणि जवळजवळ वजनानेच लिक्विड उतरू द्या, दट्ट्या दाबायचा तो फक्त स्पर्श केल्यासारखा. टिश्यूवर रंगाची सलग रेघ उमटली तर नोझल उघडे आहेत. इथे जोर लावला की हेडच्या आतले कलर वेगळे ठेवणारे थर सुटतात आणि मग पिवळ्यात काळा, कायमचा. हेड गरम पाण्यात उकळा, त्यावर थिनर मारा, असले सल्ले देणारे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यांनी स्वतःच्या प्रिंटरवर काय करायचं ते करावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हेडच्या पांढऱ्या पट्टी केबलवर एक थेंबही जाऊ देऊ नका. केबलच्या टोकाला शाई किंवा पाणी असताना प्लग लावला तर हेड आणि मेन बोर्ड दोन्ही एकदम जातात, जामच्या नादात दुरुस्त होणारा प्रिंटर भंगारात जातो तो इथेच. केबल काढायची, लावायची तर प्लग काढूनच, आणि लावायच्या आधी टोकं उजेडात धरून कोरडी आहेत का ते बघायचं.

कॅप आणि पंप

सगळे कलर एकदम गेले, किंवा क्लीनिंग मारून टाकीतली पातळी हलतच नाही, तर कॅप बघा. वर सांगितलं तसं हेड बाजूला घ्या, कॅपमध्ये पाणी भरा, हेड परत न आणता सरळ प्लग लावा आणि प्रिंटर चालू होऊ द्या, सुरुवातीला पंप फिरतो तेव्हा पाणी ओढलं जायला पाहिजे. ओढलं गेलं तर पंप ठीक. पाणी तसंच उभं राहिलं तर कॅपखालची नळी सुटलीय किंवा वाळलेल्या शाईने बंद झालीय.

पंप ठीक असून ओढत नसेल तर रबराची किनार. त्यावर केस, कागदाचा भुसा, शाईची कडक पापडी बसली की हेडशी ती घट्ट चिकटत नाही आणि पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो. ओल्या मऊ कापडाने किनार पुसून घ्या, कापूस नको, त्याचे धागे परत तिथेच राहतात. शेजारचा वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) पण पुसा, वायपरवर शाईचा थर असेल तर तो एका कलरची शाई दुसऱ्यावर फासतो आणि पिवळा हिरवट यायला लागतो. मिक्सिंगची तक्रार असेल तर आधी वायपर, मग कॅपमध्ये शाई तुंबलीय का, मग टाकीची उंची, या क्रमाने बघा.

दोन लाल लाइट आणि इंक पॅड

दोन लाइट आळीपाळीने लागतायत आणि स्क्रीनवर इंक पॅडचं आयुष्य संपल्याचा मेसेज, म्हणजे पॅडचा काउंटर भरला. प्रिंटर पॅड मोजत नाही, किती क्लीनिंग झालं, किती शाई टाकली असेल याचा हिशोब ठेवतो. सॉफ्टवेअरने रिसेट केला की परत चालतो खरा, पण पॅड तसंच ओलंगच्च असतं आणि एक दिवस टेबलावरून खाली शाई ओघळते, खाली ग्राहकाचं लग्नाचं अल्बम असेल तर बघा मग. रिसेट करताना पॅड पण बदला, किंवा पंपाची वेस्ट नळी मागून बाहेर काढून एका बाटलीत सोडा. बाटली प्रिंटरच्या तळापेक्षा खाली ठेवायची आणि झाकणाला हवेसाठी एक भोक ठेवायचं. फुकटची क्रॅक रिसेट फाईल कुठूनही उतरवून बिलिंगच्या कॉम्प्युटरवर चालवू नका, तिच्याबरोबर काय काय येतं ते नंतर कळतं. काही नवीन मॉडेलमध्ये मेंटेनन्स बॉक्स असतो, तो काढून नवीन बसवला की झालं, ते सुखी लोक.

जुन्या किटवाल्यांना चिपचा त्रास असतो, कार्ट्रिज ओळखत नाही म्हणतो. चिपचे सोनेरी ठिपके खोडरबरने हलकेच पुसा, कार्ट्रिज नीट दाबून बसवा, त्याने नाही झालं तर चिप बदला, त्यात जास्त विचार करण्यासारखं काही नाही.

नोझल चेक फुल्ल, तरी फोटो वाईट

नोझल चेक एकदम कडक येतोय तर मग प्रिंटरच्या आत हात घालू नका, चूक बाहेर आहे. ड्रायव्हरमध्ये पेपर टाइप प्लेन ठेवून ग्लॉसी घातलाय का, फोटोशॉप आणि ड्रायव्हर दोघेही कलर सांभाळतायत का (दोघांपैकी एकानेच सांभाळायचा), शाईचा ब्रँड बदललाय पण प्रोफाइल जुनंच आहे का, हे बघा. आडव्या बारीक रेघा सारख्या अंतराने येत असतील आणि नोझल चेक चांगला असेल तर हेड अलाइनमेंट करा, आणि रोलर पुसा. लाइट मॅजेंटाच्या टाकीत चुकून मॅजेंटा ओतला गेला असेल तर नोझल चेकमध्ये तो भाग बाकीच्या लाइट कलरपेक्षा गडद दिसतो, तेव्हा टाकी सिरिंजने रिकामी करून योग्य शाई भरून नळीतली जुनी शाई काढावी लागते, दुसरा मार्ग नाही.

शाईबद्दल एकच सांगतो. फोटोच्या या मशीनला डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असते, तिच्यात पिगमेंट (बारीक कणांची) मिसळू नका आणि सब्लिमेशन (उष्णतेने कपावर, कापडावर उतरणारी) तर अजिबात नाही. कॉफी मगवर फोटो छापायच्या कामासाठी सब्लिमेशन पाहिजे तर दुसरा प्रिंटर ठेवा, तोच प्रिंटर आज फोटो आणि उद्या कॉफी मग असं होत नाही.

ऊन, पाऊस आणि लाइट जाणं

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा कॅपमधला स्पंज दोन दिवसांत वाळतो, त्यात दुकानात कूलरचा झोत सरळ प्रिंटरवर. झोत दुसरीकडे फिरवा आणि काम नसलं तरी दोन-तीन दिवसांतून सहाही कलर वापरणारा एक ४ बाय ६ फोटो मारा. किटची टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका, आतली हवा तापून फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, मग दुपारी आपोआप टपकायला लागतं आणि संध्याकाळी मेकॅनिक येईपर्यंत सगळं शांत, तो म्हणतो काहीच प्रॉब्लेम नाही. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात गोष्ट वेगळी, तिथे शाई वाळत नाही तर कागद ओलावा धरतो, ग्लॉसी पेपर वाकतो, त्याची कड हेडला घासते आणि फोटोवर काळे ओरखडे येतात, लोक हेड बदलायला निघतात. पेपरचं पाकीट उघडं ठेवू नका, लागतील तेवढेच बाहेर काढा, उरलेले सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात. पीव्हीसी कार्ड ट्रेमध्ये सपाट बसलंय का तेही दरवेळी बघा, कोपरा जरा वर असेल तर हेड त्याला धडकतं.

प्रिंटर नेहमी त्याच्या बटणाने बंद करायचा, बोर्डाच्या स्विचने नाही. बटणाने बंद केला की हेड कॅपवर जाऊन बसतं. प्रिंट चालू असताना लाइट गेली आणि हेड मधेच उघडं राहिलं, रात्रभर तसंच, तर सकाळी जाम मिळणारच. छोटा यूपीएस याच्यावर पुरतो, लेझरसारखा लोड नसतो. यूपीएस नसेल तर लाइट गेल्यावर हेड हाताने उजवीकडे कॅपवर ढकलून ठेवा.

हेड गेलंय हे कधी मानायचं

सिरिंजने टिश्यूवर सलग रेघ येतेय, डॅम्पर नवीन आहे, कॅप ओढतेय, तरी प्रिंटमध्ये तो कलर पूर्ण गायब, किंवा हेड जाईल तिथे सरळ जाड पट्टा सोडत जातं, तर बिघाड शाईचा नाही, इलेक्ट्रिकल आहे. तेव्हा आधी पट्टी केबल बदलून बघा, ती स्वस्त आहे, घडीच्या जागी आतून तुटलेली असू शकते. त्यानेही नाही तर हेड किंवा बोर्ड. हेडचा भाव विचारून तो नवीन प्रिंटरच्या किमतीशी ताडून बघा, आणि जुन्या मशीनचं काढलेलं हेड घेणार असाल तर ते तुमच्याच मशीनला लावून, तुमच्याच डोळ्यांसमोर दोन नोझल चेक आणि एक पूर्ण ए४ फोटो मारून घ्या, मगच पैसे द्या.